दोष नक्षीत की फणीत? कुप्रेट अतिसंवाहकांवर एसटीएम चालवण्याची आणि त्याचा डेटा वाचण्याची पद्धत

माझे वडील, अण्णा, सोलापुरात पूर्वभागातल्या चादर कारखान्यांसाठी जेकार्डचे ग्राफ काढायचे. चौकटीच्या मोठ्या कागदावर एकेक घर भरत मोर, कमळ, वेल उभे करायचे. मग त्यावरून कार्डं पंच व्हायची आणि माग सुरू व्हायचा. कारखान्यातून कुणी बिघडलेला तुकडा घेऊन आलं की अण्णा तो खिडकीपाशी नेत, उलटा करत, भिंग लावत आणि एकच प्रश्न विचारत, "दोष नक्षीत आहे की फणीत?" नक्षीतला दोष नक्षी जितक्या वेळा येते तितक्याच वेळा, त्याच जागी येतो. मागाच्या फणीचा, म्हणजे ताण्याचे उभे धागे वेगळे धरणाऱ्या कंगव्याचा, दात वाकला असेल तर नक्षी कुठलीही विणा, तीच उभी रेघ ताणा संपेपर्यंत कापडात उतरत राहते.

पुढे कमी तापमानाच्या एसटीएमवर, म्हणजे बारीक सुईने पृष्ठभाग अणूंच्या पातळीवर चाचपणाऱ्या स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपवर, काही वर्षं काम केल्यावर कळलं की या यंत्रासमोरही सगळा प्रश्न हाच आहे. पडद्यावर दिसणारी नक्षी पदार्थाची की आपल्या यंत्राची? आता मी इथे फिजिक्स शिकवतो. दर वर्षी एमएस्सीची दोन-तीन मुलं येऊन विचारतात, "सर, हाय-टीसीमध्ये एसटीएमने नेमकं काय दिसतं? आपल्याला यात शिरता येईल का?" येईल. (हाय-टीसी म्हणजे तुलनेने जास्त तापमानालाही अतिसंवाहक राहणारे पदार्थ.) मोजमापाला हेलियम आणि अतिनिर्वात लागतो, ते सोलापुरात घरबसल्या होणार नाही. पण डेटा वाचणं, तपासणं, नकली नक्षी ओळखणं हे काम लॅपटॉपवर होतं, आणि माझ्या मते याच कामात माणसं सर्वांत जास्त चुकतात. म्हणून दोन्ही भाग सविस्तर लिहितो.

मोजायचं काय?

एसटीएम १९८१ मध्ये गेर्ड बिनिग आणि हाइनरिख रोहरर यांनी आयबीएमच्या झुरिक प्रयोगशाळेत उभा केला. त्यासाठी त्यांना १९८६ चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी त्याच प्रयोगशाळेत बेडनॉर्झ आणि म्युलर यांना लँथॅनम-बेरियम-तांबे-ऑक्साइडमध्ये ३० केल्विनच्या वर अतिसंवाहकता, म्हणजे विद्युतरोध शून्य होणं, सापडली आणि पुढच्याच वर्षी त्यांनाही नोबेल मिळालं. तांबे-ऑक्सिजनच्या अशा पदार्थांना कुप्रेट म्हणतात. १९८७ मध्ये इट्रियमचं कुप्रेट ९० केल्विनच्या पुढे गेलं, म्हणजे द्रव नायट्रोजनच्या ७७ केल्विनच्याही वर.

अतिसंवाहकात इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात. जोडी फोडायला ठराविक ऊर्जा लागते आणि तेवढ्या ऊर्जेच्या पट्ट्यात सुटा इलेक्ट्रॉन राहायला जागा उरत नाही. ही रिकामी जागा म्हणजे गॅप. शिसं किंवा नायोबियम यांसारख्या जुन्या अतिसंवाहकात ती सगळ्या दिशांना जवळपास सारखी असते. कुप्रेटमध्ये ती दिशेनुसार बदलते. तांबे-ऑक्सिजन बंधाच्या दिशेने सर्वांत मोठी, त्याला ४५ अंशांवर अगदी शून्य. हीच डी-वेव्ह. शून्य असलेल्या दिशांना नोड म्हणतात.

सुई आणि पृष्ठभाग यांच्यात काही अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) अंतर ठेवून व्होल्टेज दिलं की इलेक्ट्रॉन पोकळीतून पलीकडे जातात. व्होल्टेज थोडं बदललं की प्रवाह किती बदलतो, हा उतार म्हणजे त्या ऊर्जेला, त्या जागी इलेक्ट्रॉनांना किती अवस्था उपलब्ध आहेत याचं माप. इलेक्ट्रॉनिक रचना 'पाहायची' म्हणजे हा उतार जागोजागी मोजायचा. व्होल्टेजसमोर मांडलेला हा उतार म्हणजे स्पेक्ट्रम.

थंडी किती लागते, ते हिशेबाने ठरवा

तापमानामुळे स्पेक्ट्रममधली प्रत्येक बारीक गोष्ट साधारण साडेतीन गुणिले केटी (बोल्ट्झमनचा स्थिरांक गुणिले तापमान) इतकी फासली जाते. ४.२ केल्विनला, म्हणजे द्रव हेलियमच्या तापमानाला, हे फासणं सुमारे १.३ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट. ७७ केल्विनला २३. मे महिन्यातल्या सोलापुरात पारा ४२ अंशांवर असताना सुमारे ९५. बिस्मथच्या कुप्रेटमधली गॅप साधारण ४० मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट, दोन्ही बाजू धरून ८०. त्या उन्हाळ्यात पदार्थ अतिसंवाहक नसतोच. पण समजा असता, तरी सुईला गॅप दिसली नसती. द्रव नायट्रोजनवर अतिसंवाहकता असते, पण तपशील पुसला जातो. म्हणून हेलियम.

उतार मोजायला लॉक-इन हे उपकरण व्होल्टेज किंचित हलवत ठेवतं. हे हलवणं, म्हणजे मॉड्युलेशन, तेही असंच फासतं. त्याच्या आरएमएस मूल्याच्या सुमारे २.४५ पट. २ मिलिव्होल्ट आरएमएस दिलं तर जवळपास ५ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट गेले. ४० च्या गॅपचा नकाशा काढायला हे चालतं. नोडजवळच्या बारीक गोष्टी हव्या असतील तर अर्ध्या मिलिव्होल्टच्या आसपास उतरावं लागतं, आणि गोंगाटावर मात करायला जास्त वेळ द्यावा लागतो. एवढा हिशेब वहीत मांडल्याशिवाय मोजमापाला बसू नका.

सॅम्पल

आपल्याकडे प्रयोगशाळेत इट्रियमच्या कुप्रेटची गोळी भट्टीत भाजून बनवतात, नायट्रोजनमध्ये बुडवून तिच्यावर चुंबक तरंगवतात. तो प्रयोग मला फार आवडतो, पण ती गोळी एसटीएमच्या या कामाची नाही. ती असंख्य बारीक कणांची असते, अणूंच्या पातळीवर सपाट पृष्ठभाग मिळत नाही. इट्रियमच्या कुप्रेटचा एकस्फटिक घेतला तरी तो फुटतो तेव्हा उघडा पडणारा थर विद्युतदृष्ट्या समतोल नसतो, त्यामुळे वर दिसतं ते आतल्यासारखं असेलच असं नाही.

म्हणून या क्षेत्रातलं बहुतेक काम बिस्को-२२१२ वर झालंय: बिस्मथ दोन, स्ट्राँशियम दोन, कॅल्शियम एक, तांबे दोन, ऑक्सिजन आठ आणि वर थोडा. त्यात बिस्मथ-ऑक्सिजनचे दोन थर एकमेकांना अगदी सैल धरून असतात. स्फटिकाच्या डोक्यावर छोटा खांब चांदीच्या इपॉक्सीने चिकटवायचा आणि अतिनिर्वातात, थंड अवस्थेत, त्याला बाजूने टोला द्यायचा. स्फटिक त्या दोन थरांमधून सुटतो आणि दोन्ही बाजूंना एकेक सारखा थर राहतो. याला क्लीव्ह करणं म्हणतात.

इपॉक्सी स्फटिकाच्या कडेवरून खाली ओघळू देऊ नका. ओघळली तर खांब, स्फटिक आणि खालची पट्टी एकत्र जखडतात आणि टोल्याने स्फटिक सुटण्याऐवजी तुटतो. सुईच्या टोकावर घेतलेला थेंबही पुरतो. मी शिकाऊ असताना पहिले दोन स्फटिक असेच घालवले.

जी अतिसंवाहकता बघायची ती तांबे-ऑक्सिजनच्या पातळीत आहे, आणि ती पृष्ठभागाखाली ४ ते ५ अँगस्ट्रॉमवर आहे. मध्ये बिस्मथचा आणि स्ट्राँशियमचा थर. वर दिसतात ते बिस्मथचे अणू. तांब्याचे अणू थेट दिसत नाहीत, प्रत्येक बिस्मथच्या खाली ते आहेत असं रचनेवरून धरलं जातं. चादर उलट्या बाजूने बघून सुलट बाजूची नक्षी ओळखण्यासारखं हे आहे, आणि ते जमतं.

सुई

पाव मिलिमीटर जाडीची टंगस्टनची तार सोडियम किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात धरून विद्युतप्रवाहाने झिजवतात. द्रावणाच्या पृष्ठभागाशी तार बारीक होत जाते आणि खालचा तुकडा आपल्या वजनाने तुटून पडतो. पडल्याच्या क्षणी प्रवाह बंद झाला पाहिजे, नाहीतर टोक पुन्हा बोथट होतं. बाहेर काढून स्वच्छ पाण्याने धुवायची.

पण टोकदार सुई म्हणजे चांगली सुई नव्हे. टंगस्टनवर ऑक्साइड असतो, टोकावर काय बसलंय ते कळत नाही. म्हणून कुप्रेटला हात लावण्याआधी सुई सोन्यावर पारखायची. स्वच्छ सोन्याच्या १११ पृष्ठभागावर नेऊन फील्ड एमिशनने, म्हणजे मोठं व्होल्टेज देऊन टोकातून इलेक्ट्रॉन खेचून, टोक साफ करायचं, मग तिथेच स्पेक्ट्रम घ्यायचा. शून्याच्या आसपास शंभरेक मिलिव्होल्टमध्ये तो सपाट हवा. तिथेच सुईचा स्वतःचा चढउतार असेल तर तो पुढे कुप्रेटच्या प्रत्येक स्पेक्ट्रमवर बसणार. फणी वाकडी आहे हे ताणा चढवण्याआधी बघायचं, नंतर नाही.

दुसरी पारख अंतराची. सुई मागे घेत प्रवाह मोजा, प्रवाहाचा नैसर्गिक लॉगॅरिदम अंतरासमोर मांडा. सरळ रेघ यायला हवी. दर अँगस्ट्रॉमला असलेल्या उताराचा वर्ग करून ०.९५ ने गुणलं की अडथळ्याची, म्हणजे इलेक्ट्रॉनाला पार करायच्या मधल्या पोकळीची, उंची इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये मिळते. उतार २ असेल तर ३.८, हे निरोगी आहे. १ च्या खाली उत्तर आलं तर सुई आणि पृष्ठभाग यांच्यात काहीतरी घाण चेपली जातेय.

कंपनं: सोलापूरकरांनी हा भाग नीट वाचावा

अडथळा ४ इलेक्ट्रॉनव्होल्ट धरला तर अंतर एक अँगस्ट्रॉम वाढलं की प्रवाह साधारण एक-अष्टमांश होतो. उलट हिशेब केला तर प्रवाह १ टक्क्याच्या आत स्थिर हवा असेल तर अंतर सुमारे अर्ध्या पिकोमीटरच्या आत स्थिर हवं. मीटरच्या एक लाखकोटीव्या भागाचा अर्धा.

कॉलेजात टेबलावरचा छोटा एसटीएम असेल आणि त्यावर ग्रॅफाइटचा सराव करणार असाल तर हे लगेच भोवतं. साधा यंत्रमाग मिनिटाला शंभर-सव्वाशे वेळा धोटा फेकतो. म्हणजे सेकंदाला साधारण दोन ठोके. पूर्वभागात जमिनीवर तळवा टेकला तरी ते जाणवतात. आता यंत्र तुम्ही स्प्रिंगवर किंवा रबरी दोरांवर टांगलंत आणि वजनाने स्प्रिंग ६ सेंटिमीटर ताणली गेली, तर त्या टांगणीची स्वतःची वारंवारता बरोबर २ हर्ट्झ येते. मागाचा ठोका आणि तुमची टांगणी एका तालात येतात आणि कंपन कमी होण्याऐवजी वाढतं! २५ सेंटिमीटर ताण येईल अशी मऊ टांगणी घेतली तर वारंवारता १ हर्ट्झवर येते आणि दोन हर्ट्झचा ठोका थोपवला जाऊ लागतो. टांगणी आपल्या वारंवारतेच्या १.४ पटीच्या वरचंच थोपवते, हे लक्षात ठेवा. स्प्रिंगचा ताण पट्टीने मोजायचा, बाकी काही उपकरण लागत नाही. तळमजला निवडा, पंखा बंद करा, आणि सगळ्यात चांगला डेटा माग थांबलेल्या दिवशी मिळतो हे गृहीत धरा.

पृष्ठभागाचं चित्र

सुई जवळ आणताना घाई नको. साधारण १५० मिलिव्होल्ट आणि १५० पिकोअँपियर हा सुरुवातीला बरा सेटपॉइंट (ठरवून दिलेलं व्होल्टेज आणि प्रवाह) आहे, म्हणजे एक गिगाओहमचा जोड. बिस्को-२२१२ वर चांगली सुई पोचली की ३.८ अँगस्ट्रॉम अंतरावर बिस्मथचे अणू चौरस जाळीत दिसतात आणि त्यावर सुमारे २६ अँगस्ट्रॉमची लाट, तांबे-ऑक्सिजन बंधाला ४५ अंशांच्या कोनात. ही लाट स्फटिकाच्या रचनेचीच आहे. नवी मुलं तिला इलेक्ट्रॉनांची लाट समजून हरखतात. अणू दिसले आणि ही लाट दिसली तर पुढे जा. लाट दिसते पण अणू नाहीत, तर सुई बोथट आहे.

एकच स्पेक्ट्रम, पण नीट

सुई एका जागी धरून फीडबॅक (प्रवाह स्थिर राहावा म्हणून सुई वर-खाली करणारी यंत्रणा) बंद करायचा, व्होल्टेज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचं, लॉक-इनने उतार नोंदवायचा. चांगल्या स्पेक्ट्रमचा तळ इंग्रजी 'व्ही'सारखा असतो, शून्याशी अणकुचीदार. डी-वेव्हमध्ये नोडच्या दिशांना कितीही कमी ऊर्जेवर अवस्था असतात, म्हणून तळ 'यू'सारखा सपाट राहत नाही. अगदी शून्यावरची वाहकता जवळपास नाहीच असं दिसायला हवं. दोन्ही बाजूंना शिखरं, साधारण अधिक-उणे ४० च्या आसपास. ९० केल्विनला केटी सुमारे ७.८ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणून गॅपच्या दुपटीचं केटीशी गुणोत्तर दहाच्या घरात जातं. साध्या अतिसंवाहकांचा नेहमीचा सिद्धान्त, बीसीएस, हे गुणोत्तर ३.५३ सांगतो. हा फरक माझ्या डोक्यातून आजही जात नाही.

मग सेटपॉइंट बदलून, सुई थोडी जवळ आणि थोडी लांब नेऊन, तोच स्पेक्ट्रम तिथेच घ्या. उंचीने सारखे केल्यावर तिन्ही एकावर एक बसले पाहिजेत. अंतरासोबत आकार बदलत असेल तर तो आकार सुई आणि पृष्ठभाग यांच्या संबंधातून येतोय.

गॅप काढायला डाइन्सचं सूत्र (गॅप असलेल्या स्पेक्ट्रमचा आकार देणारं) वापरा. दर कोनाला गॅप म्हणजे कमाल गॅप गुणिले दुप्पट कोनाचा कोसाइन, सगळ्या कोनांची सरासरी आणि वर तापमानाचं फासणं. पायथनमध्ये वीसेक ओळींत होतं. दोन-चार ठिकाणी शिखर नुसतं डोळ्याने वाचूनही बघा आणि फिटशी ताडा.

नकाशा: पिक्सेलचा हिशेब

एका जागेचा स्पेक्ट्रम कुप्रेटमध्ये फसवतो, कारण गॅप जागोजागी बदलते. २००१ मध्ये शुहेंग पान, सीमस डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी बिस्को-२२१२ वर दाखवलं की काही नॅनोमीटरांतच गॅप २५ वरून ६५ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत जाते. त्याआधी २००० मध्ये त्याच गटाने एकट्या जस्ताच्या अणूभोवतीची अवस्था टिपली होती. जस्त तांब्याच्या जागी बसलं की शून्याच्या अगदी जवळ, उणे दीड मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टला, शिखर उगवतं आणि भोवती चार हातांचा क्रॉस पसरतो. त्या क्रॉसचे हात नोडच्या दिशेने असतात. पदार्थ डी-वेव्ह आहे हे एकट्या अणूने सांगावं, हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी बराच वेळ त्या चित्रासमोरून हललो नव्हतो.

म्हणून नकाशा. प्रत्येक पिक्सेलवर पूर्ण स्पेक्ट्रम. आता आकडे बघा. २५६ गुणिले २५६ पिक्सेल म्हणजे ६५,५३६ स्पेक्ट्रम. प्रत्येकी दोन सेकंद धरले तर ३६ तासांहून जास्त. तेवढा वेळ हेलियम टिकलं पाहिजे, सुई बदलता कामा नये.

आणि क्षेत्र किती घ्यायचं? इथे जवळपास प्रत्येक नवशिका ५० नॅनोमीटर म्हणतो, गोल आकडा म्हणून. ५०० अँगस्ट्रॉम भागिले ३.८ म्हणजे अणूजाळीचे १३१ फेरे. २५६ पिक्सेलमध्ये जास्तीत जास्त १२८ फेरे ओळखता येतात. तीन फेऱ्यांनी हुकलं! फूरिये रूपांतरात (चित्रातली नक्षी किती अंतराने पुन्हा येते ते बिंदूंनी दाखवणारं गणित) अणूंचा बिंदू आपल्या जागी न येता उलटून चुकीच्या ठिकाणी पडतो, आणि पुढचं सगळं मोजमाप ज्या बिंदूवर टेकवायचं तोच खोटा ठरतो. ४५ नॅनोमीटर घ्या, ११८ फेरे येतात, काम होतं. किंवा पिक्सेल वाढवा आणि वेळेची किंमत द्या. क्षेत्र फार लहानही नको, कारण फूरियेमधली बारकाई क्षेत्राच्या लांबीवर ठरते. हे सगळं मोजमापाच्या आधी कागदावर करायचं. छत्तीस तासांनी लक्षात येऊन उपयोग नसतो.

एवढ्या वेळात जाळी थोडी सरकते, वाकते. ती अणूंच्या बिंदूंच्या आधारे संगणकावर पुन्हा सरळ करतात. त्यासाठीची पद्धत २०१० च्या सुमारास लॉलर, फुजिता आणि सहकाऱ्यांनी रूढ केली. त्यासाठी अणूंचे बिंदू नकाशात हवेतच, म्हणूनही वरचा हिशेब.

फूरिये: घरच्या चादरीपासून सुरुवात

घरी सोलापुरी चादर असेल तर जमिनीवर सपाट पसरा. मोबाइल बरोबर वरून, समांतर धरून फोटो काढा. इमेज-जे नावाचं मोफत सॉफ्टवेअर मिळतं, त्यात ५१२ गुणिले ५१२ चा चौकोन कापा आणि एफएफटीची, म्हणजे फूरिये रूपांतराची, आज्ञा द्या. मध्यभागी उजेड, आडव्या-उभ्या रेषेत ठळक बिंदू. उभ्या ताण्याचे आणि आडव्या बाण्याचे. मध्यापासून बिंदू किती पिक्सेलवर आहे ते मोजा, ५१२ ला त्याने भागा, एका धाग्याची रुंदी पिक्सेलमध्ये मिळते. मग भिंगाखाली एक सेंटिमीटरमधले धागे मोजून ताडा. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे आधी करायला लावतो, कारण ज्याने एकदा धागे मोजले त्याला अणूजाळीचा बिंदू पुन्हा समजवावा लागत नाही.

चादरीत एवढंच कळतं, पुढचं नाही. कुप्रेटमध्ये इलेक्ट्रॉन लाटेसारखे वागतात, दोषावर आदळून परततात आणि आदल्या लाटेत मिसळून उभ्या लहरी बनवतात. १९९३ मध्ये क्रॉमी, लुट्झ आणि आयग्लर यांनी तांब्याच्या पृष्ठभागावर अशा लहरी दाखवल्या, लोखंडाच्या ४८ अणूंचं रिंगण करून त्यांना आतही कोंडलं. हे घरी करून बघायला पायथनमध्ये २५६ गुणिले २५६ चा रिकामा पट घ्या. शंभरेक ठिकाणी दोष पेरा. प्रत्येक दोषाभोवती १६ पिक्सेलची लहर काढा, लांब जाता जाता मावळणारी. सगळ्या लहरी बेरीज करून बघा, पडद्यावर फक्त गचाळ ठिपके दिसतात. मग फूरिये घ्या. बरोबर १६ पिक्सेल त्रिज्येचं स्वच्छ वर्तुळ! मग ऊर्जा बदलल्यासारखी लहरीची लांबी १२ करा, वर्तुळ २१ च्या पुढे सरकतं. हे सरकणं, डिस्पर्शन, हीच नक्षी इलेक्ट्रॉनांची असल्याची खूण.

क्यू पासून के पर्यंत

२००२ मध्ये जेनिफर हॉफमन आणि सहकाऱ्यांनी, मग २००३ मध्ये मॅकएलरॉय आणि सहकाऱ्यांनी हे बिस्को-२२१२ वर केलं. डी-वेव्ह गॅपमुळे एका ऊर्जेवरच्या अवस्था इलेक्ट्रॉनांच्या संवेगाच्या (के) नकाशावर चार केळ्यांच्या आकारात येतात. केळ्यांची आठ टोकं, तिथे अवस्था सर्वांत दाट. एका टोकावरून दुसऱ्या टोकावर उडी मारायच्या सात वेगवेगळ्या तऱ्हा, क्यू-१ ते क्यू-७. फूरियेमध्ये तेच सात बिंदू दिसतात.

ऊर्जा वाढवत नेली की टोकं नोडपासून लांब सरकतात. कमाल गॅप ४० धरली तर १२ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टला टोक नोडपासून साधारण ८.७ अंशांवर. म्हणून एकाच केळ्याच्या दोन टोकांना जोडणारा क्यू-७ ऊर्जेसोबत लांब होतो, आणि तांबे-ऑक्सिजन बंधाच्या दिशेचा क्यू-१ आखूड. दोन्ही एकत्र, उलट दिशांना आणि एकाच टोकाच्या हिशेबात बसून सरकायला हवेत. क्यू-१ ची अर्धी लांबी ही टोकाची एक संख्या, क्यू-५ ची अर्धी लांबी दुसरी. त्यांवरून क्यू-७ किती यायला हवा ते काढा आणि मोजलेल्या क्यू-७ शी ताडा. जुळलं तर टोकाची जागा ऊर्जेसमोर मांडा: फर्मी पृष्ठभागही (संवेगाच्या नकाशावर भरलेल्या आणि रिकाम्या अवस्थांमधली सीमा) मिळाला आणि त्यावर गॅप दिशेनुसार कशी बदलते तेही. नुसत्या जागेच्या नकाशावरून संवेगाचं चित्र हाती येतं.

आणि तरीही फणी तपासा

मी पीएच.डी.च्या दिवसांत ज्या प्रयोगशाळेत होतो तिथे एका नमुन्यावर सुरेख चौकटी दिसल्या. चार अणूंच्या अंतराने, चारही बाजूंना, वीसेक मिलिव्होल्टांपासून वरपर्यंत प्रत्येक ऊर्जेवर अगदी तशाच. तीन आठवडे मी त्यावर आकृत्या करत होतो. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला घरी आलो तेव्हा दोन वेगळ्या ऊर्जांची छापलेली पानं अण्णांना दाखवली. त्यांना टनेलिंग काही ठाऊक नव्हतं. दोन्ही पानं उजेडाकडे धरून ते म्हणाले, "अरे, हे दोन वेगळ्या नक्षींचे तुकडे ना? मग रेघ दोन्हींत तीच कशी? फणी बघितलीस का?"

परत जाऊन सेटपॉइंटचं व्होल्टेज उलट चिन्हाचं केलं. चौकटी उलटल्या, उजळ होतं ते काळं झालं. म्हणजे आम्ही बघत होतो त्यातला मोठा भाग सुईच्या उंचीचा होता.

कारण असं. फीडबॅक प्रवाह स्थिर ठेवतो, आणि प्रवाह म्हणजे शून्यापासून सेटपॉइंटपर्यंतच्या सगळ्या अवस्थांची बेरीज. त्या बेरजेत कुठे चढउतार असेल तर सुई तिथे वर-खाली होते. मग फीडबॅक बंद करून मोजलेल्या प्रत्येक ऊर्जेवर त्या वर-खालीचा ठसा उमटतो. त्यावर उपाय: अधिक आणि उणे व्होल्टेजच्या वाहकतेचं गुणोत्तर घ्यायचं. उंचीचा परिणाम दोन्हींत सारखाच असल्याने तो कटतो. हा गुणोत्तराचा नकाशा आणि मूळ नकाशा शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय मी आता कोणतीही चौकट खरी मानत नाही.

पण इथे उलट चूकही होते. न सरकणारी प्रत्येक नक्षी खोटीच असते असं नाही. कुप्रेटमध्ये विद्युतभाराची स्थिर नक्षी खरोखर असते. २००२ मध्येच चुंबकीय भोवऱ्यांभोवती चार अणूंच्या अंतराची नक्षी सापडली, २००४ मध्ये हानागुरी आणि सहकाऱ्यांनी सोडियम मिसळलेल्या ऑक्सिक्लोराइड कुप्रेटवर चौकटी दाखवल्या, आणि २०१२ मध्ये इट्रियमच्या कुप्रेटमध्ये क्ष-किरणांच्या विकिरणानेही भारलहर दिसली. क्ष-किरणांना सुई नसते, फीडबॅक नसतो. शिवाय २००८ मध्ये कोहसाका आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सरकणारे बिंदूही एका ऊर्जेनंतर सरकायचे थांबतात. म्हणून 'सरकतं की नाही' एवढ्यावर निकाल देऊ नका. सेटपॉइंट बदला, चिन्ह बदला, गुणोत्तर घ्या, सुई बदला, नमुना बदला, शक्य असेल तर दुसऱ्या पद्धतीच्या मापाशी ताडा. यातून जे टिकेल ते नक्षीतलं.

इथून सुरुवात कशी करायची

आधी चादर, मग लहरींचा पायथन प्रयोग, मग डाइन्सचं फिटिंग. तिन्ही मिळून दोन-अडीच महिन्यांच्या सुट्टीचं काम आहे. त्यासोबत हाताला सराव म्हणून जवळ कुठे टेबलावरचा एसटीएम असेल तर ग्रॅफाइट घ्या. चिकटपट्टीने वरचा पापुद्रा काढायचा, हवेतच अणू दिसतात. २.४६ अँगस्ट्रॉमची त्रिकोणी जाळी येते, कारण एक सोडून एक अणूच ठळक दिसतो. उन्हाळ्यात चित्र तिरपं येईल, तापमानामुळे सुई सरकते. वरून खाली आणि खालून वर अशी दोन चित्रं घेऊन सरासरी काढा, तिरकसपणा बराच जातो.

मग बाहेर पडा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) अतिसंवाहकांवर कमी तापमानाच्या एसटीएमचं काम चालतं आणि उन्हाळ्यात बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांचा व्हीएसआरपी कार्यक्रम असतो. भारतीय विज्ञान अकादम्यांची उन्हाळी शिष्यवृत्तीही आहे. सोलापूर-मुंबई एका रात्रीचा प्रवास. अर्जात 'मला सुपरकंडक्टिव्हिटीची आवड आहे' असं लिहिण्यापेक्षा तुमचं १६ पिक्सेलचं वर्तुळ जोडा, आणि ५० ऐवजी ४५ नॅनोमीटर का घ्यायचं ते चार ओळींत लिहा. वहीत प्रत्येक नकाशासमोर पाच गोष्टी न चुकता नोंदवत जा: सेटपॉइंटचं व्होल्टेज चिन्हासह, प्रवाह, मॉड्युलेशन, तापमान, आणि ती सुई सोन्यावर शेवटची कधी पारखली.